वारा समुद्राकडून हवा
पक्षी पाहायला ‘निरभ्र, शांत सकाळ निवडा’ हा सल्ला भूशिरावरून खुल्या समुद्रातले पक्षी पाहायचे असतील तर मला पटत नाही. वारा पडलेला असला की शिअरवॉटर (खुल्या समुद्रातले लांब पंखांचे पक्षी) बरेचदा दूर पाण्यावर बसून राहतात. समुद्राकडून जोराचा वारा आला की तेच भूशिराजवळून जातात. लाटांलगत वारा मंद असतो, वर जोराचा. या फरकावरच ते ताठ पंखांनी, फारसे न फडफडवता लांबवर तरंगत जातात. फार देखणं उड्डाण असतं ते, नक्की पाहा!

आणि लांबच्या पक्ष्याचा रंग शोधू नका, उडण्याची ढब बघा. सुरय (टर्न) चोच खाली रोखून हवेत थबकतो नि सूर मारतो. गॅनेट हा मोठा समुद्रपक्षी तर ३० मीटरवरूनसुद्धा पंख मागे ओढून पाण्यात घुसतो. भूशीर पश्चिमेकडे असेल तर सकाळीच जा, ऊन पाठीशी असतं.