तान्ह्याचं ‘बुजणं’, ‘झुरणं’ आणि ‘गुणी’ असणं: हे शब्द नीट कसे वापरायचे?

धागा सुरू करणारी ताई

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागात घरभेटी करते, बिडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरची घरं, घरात तेलुगू आणि दारात मराठी अशी वस्ती. लहान बाळांच्या मनाची वाढ कशी बघायची ह्याचं ट्रेनिंग झालं आणि हातात जो कागद आला त्यावर मोठ्या अक्षरात ‘अर्भक मानसिक आरोग्य मूल्यमापन’. पहिल्याच घरी मी ते तसंच वाचून दाखवलं, तर त्या बाईनं लेकरू उचललं आणि आत गेली, म्हणाली माझं पोरगं येडं नाही. तिचं काही चुकलं नाही. ‘अर्भक’ आपण ऐकतो कुठं, अर्भक मृत्यू दरात नाहीतर पेपरात ‘अर्भक आढळलं’ असं येतं तिथं, आणि ‘मानसिक’ म्हटलं की लोकांना डोक्याचा दवाखानाच दिसतो. तर बोलायला कोणते शब्द घ्यावेत?

प्रतिसाद

ताई, ‘तान्हं’ किंवा ‘लेकरू’ म्हणा आणि ‘मूल्यमापन’ तर काढूनच टाका, त्यात परीक्षेचा वास येतो. ‘न्याहाळणं’ बघा कसं वाटतं. आई बाळाला न्याहाळते तेव्हा मार्क देत नाही पण तिच्या नजरेतून काही सुटतही नाही.

अटॅचमेंटला, म्हणजे बाळाचं जवळच्या माणसाशी जे घट्ट नातं जुळतं त्याला, काही ठिकाणी ‘आसक्ती’ लिहितात ते मला अजिबात पटत नाही, आसक्ती सोडायची असते असं आपण कीर्तनात ऐकत आलोय. ‘लळा’ घ्या. लळा ‘लागतो’ आणि ‘लावतात’ पण, म्हणजे बाळाची बाजू आणि मोठ्याची बाजू दोन्ही एकाच शब्दात आल्या. ‘माया’ तशी नाही, ती मोठ्याकडून लहानाकडे जाते.

प्रतिसाद (बालरोग विभागात काम करणारा)

लळ्याला माझा पाठिंबा. ह्याच नात्याचा अभ्यास करणाऱ्या बोल्बी आणि एन्सवर्थ ह्या दोघांनी जे मांडलं ते हेच आहे, बाळ घाबरलं की कुणाकडे धाव घेतं आणि तिथं जाऊन शांत होतं का. आणि लहान बाळ एकटं तपासताच येत नाही. ‘झीरो टू थ्री’ ह्या अमेरिकेतल्या संस्थेची २०१६ची जी वर्गवारी आहे, जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मनाच्या आणि वाढीच्या त्रासांची, तिच्यात सांभाळणाऱ्या माणसांशी असलेलं नातं हा स्वतंत्र भागच ठेवलाय. म्हणजे बघायचं ते दोघांना मिळून.

आता ‘बुजणं’ आणि ‘झुरणं’, ह्यात गल्लत नको. सात-आठ महिन्यांचं बाळ परक्याला बघून रडतं, आईच्या खांद्यात तोंड लपवतं, ते बुजणं, आणि ते चांगलंच आहे, आपलं-परकं कळायला लागलं असा त्याचा अर्थ. झुरणं वेगळं. रेने स्पिट्झ नावाच्या डॉक्टरनं १९४६ साली आईपासून तुटलेल्या बाळांबद्दल लिहिलं, आधी रडारड, मग तोंड फिरवणं, झोप नाही, वजन उतरतं, शेवटी चेहऱ्यावर काहीच नाही. त्यानं इंग्रजीत त्याला डिप्रेशन म्हटलं. आपल्याकडच्या आज्या ‘आईवाचून लेकरू झुरलं’ म्हणायच्या, शरीर आणि मन दोन्ही त्या एका शब्दात येतं.

धागा सुरू करणारी ताई

झुरणं! हा शब्द तोंडात होता पण कागदापुढं सुचला नाही.

मला अजून एका शब्दाची भीती वाटते, तो म्हणजे ‘गुणी’. एका घरी नऊ महिन्यांचं बाळ होतं, आई म्हणाली, “लई गुणाचं आहे बघा, पाळण्यात टाकलं की टाकलं, आवाज नाही.” मी जवळ गेले तर बुजलं नाही, आई उठून गेली तर मान वळवली नाही, टाळी वाजवली तर हळूच बघितलं आणि परत छताकडं. वजन तक्त्यात बरोबर होतं म्हणून कुणाला शंका आली नव्हती. गुणी म्हटलं की आपण बघायचंच थांबतो, रडणाऱ्याकडं दहा माणसं धावतात.

आधी कान तपासून घेतले, ते नीट निघाले. मग आईशी बोलत बसले तेव्हा कळलं की बाळंतपणापासून तिलाच कशात गोडी राहिली नव्हती, बिड्या वळायच्या, पाजायचं, पण बाळाशी बोलणं नाही. घरातले म्हणायचे आळशी झालीय. तिला डॉक्टरकडं नेलं, औषध सुरू झालं, सासूला रोज मालिश करताना बाळाशी बोलायला सांगितलं, तेलुगूतच, घरची भाषा आहे ती.

प्रतिसाद

काकू लोकांनी हे वाचायला पाहिजे, आमच्याकडं अशा बाळंतिणीला ‘वारं लागलं’ म्हणून सोडून देतात. आणि बाळाच्या बाबतीत ‘आबाळ’ शब्द जपून वापरा हं ताई, अर्थ बरोबर असला तरी आईच्या तोंडावर म्हटला की आरोप होतो.

धागा सुरू करणारी ताई

बरोबर, तिच्यापुढं नाही म्हणणार. आणि कागदावरचं नाव वर कळवून बदलून मागितलंय, ‘तान्ह्याचं मन : न्याहाळणी’ असं, बघू काय म्हणतात.

परवा त्याच घरी गेले होते. दारातच मला बघून बाळ जोरात रडायला लागलं आणि आईच्या पदरात घुसलं. ती बिचारी ओशाळली, म्हणाली, “ताई, आता बुजायलंय बघा, कुणाकडं जाईना.” मी तिथंच उंबऱ्यावर बसले, लांबूनच.

‘झुरणं’ला सोलापुरातल्या तेलुगूत आणि कन्नडमध्ये घरात काय म्हणतात, कुणी सांगेल का? पुस्तकातला नको, आजीच्या तोंडचा पाहिजे.