झोडिअ‍ॅकची 13 चिन्हं सुटली म्हणे. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा का?

रविवारचं_कोडं:
मंडळी, काल एक व्हिडिओ पाहिला. झोडिअ‍ॅक या अमेरिकेतल्या, कधीच न सापडलेल्या खुन्यानं 1970 च्या एप्रिलमध्ये पत्रात 'माझं नाव आहे' असं लिहून पुढे 13 चिन्हं काढली होती, ती सुटली म्हणे. गृहस्थ डॉक्टरेट आहेत, तीस वर्षं याच कामात. मला पटलं. बायको म्हणते, असे छप्पन निघतात. खरा जाणकार आपण ओळखायचा कसा?

कोडगा:
तीस वर्षं राहू द्या, किल्ली, म्हणजे कुठलं चिन्ह कुठल्या अक्षराचं आणि ते कुठल्या क्रमानं वाचायचं, ते दिलंय का बघा. त्याच खुन्याचा 340 चिन्हांचा मजकूर 2020 च्या डिसेंबरात सुटला. सोडवणारे तिघे: ओरँचाक अमेरिकेतला प्रोग्रॅमर, ब्लेक ऑस्ट्रेलियातला गणिती आणि व्हॅन आयके बेल्जियममध्ये गोदामात कामाला! पण रीत सगळी उघडी मांडलेली. मी चौकटीच्या वहीत 17 रकाने आखले नि पेन्सिल घेऊन बसलो. चिन्हं वाचत जायची ती एक घर खाली, दोन उजवीकडे, बुद्धिबळातल्या घोड्यासारखी. पहिल्या नऊ ओळी लोण्यासारख्या गेल्या. पुढच्या नऊ ओळींत मात्र मध्येच गचके. दोन संध्याकाळी खोडरबर झिजवला, माझंच चुकलं म्हणून. चूक निघाली खुन्याची, आणि ती नेमकी कुठे आहे हे तिघांनी आधीच सांगून ठेवलेलं. तेव्हापासून मी त्यांना मानतो.

13 चिन्हांत काय, माझ्या मेहुण्याचंही नाव बसवून देतो. ताडून बघायला पुढे मजकूरच नाही.

शब्दवेडी:
म्हणजे पदवीला काहीच किंमत नाही? पटत नाही हं.

कोडगा:
आहे ना, पण न्यूबोल्डांचं काय झालं ते बघा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक, मोठा विद्वान माणूस. 1921 मध्ये जाहीर केलं की व्हॉयनिच हस्तलिखित, म्हणजे कुणालाच न वाचता आलेल्या लिपीतलं ते जुनं पुस्तक, रॉजर बेकन या तेराव्या शतकातल्या इंग्रज विद्वानाचं आहे आणि अक्षरांत भिंगाखाली दिसणाऱ्या बारीक खुणांत खरा मजकूर दडलाय. ते गेल्यावर, 1931 मध्ये, मॅनली या त्यांच्या स्नेह्यानंच दाखवून दिलं की त्या खुणा म्हणजे तडकलेली शाई. मॅनली पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी सांकेतिक संदेश फोडायचे. म्हणजे जाणकारही होते, आणि मैत्रीची भीडही ठेवली नाही.

रविवारचं_कोडं:
व्हिडिओखाली किल्ली विचारली. उत्तर आलं, 'पुस्तकात आहे, आगाऊ नोंदणी सुरू.'

कोडगा:
मेहुण्याचं नाव पाठवू का? नोंदणी लागत नाही.