पांढरी शी दिसली की लगेच औषध? माशांच्या पोटातले जंत आणि आपली घाई (मासे पाळणाऱ्यांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काचेपलीकडे

परवा ओळखीतल्या एका मुलाने त्याच्या एंजल माशाचा फोटो पाठवला. माशाच्या मागे पांढरट, दोऱ्यासारखी शी लोंबत होती. सोबत लिहिलं होतं: मेट्रोनिडॅझोल टाकलं, प्रॅझिक्वान्टेल टाकलं, आता लिव्हॅमिसोल टाकू का? पहिलं एकपेशीय जीवांवरचं, बाकी दोन जंतांवरची. चार दिवसांत दोन औषधं झाली होती, तिसरं हातात होतं. तेही सगळं मुख्य टँकमध्ये, झाडं, गोगलगायी, चालू फिल्टर यांच्यासकट. मी विचारलं, मासा खातोय का? तर औषध चालू आहे म्हणून त्याने चार दिवस खाणंच घातलं नव्हतं.

उपाशी माशाची शी पांढरीच येते. आतड्यात अन्न नसलं की नुसती शेंबडासारखी बुळबुळीत दोरी बाहेर पडते. घाबरलेला, नवा आणलेला, दुसऱ्या माशाचा मार खाणारा मासाही अशीच शी टाकतो. आतड्यात स्पायरोन्यूक्लियससारखे एकपेशीय जीव वाढले तरी अशीच शी दिसते, हे खरं. पण एकाच खुणेमागे पाच कारणं असतील तर त्या खुणेवर औषध ठरवता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. माझ्याकडे शाळेतल्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक आहे. मासा रिकाम्या डब्यात ठेवायचा, शी टाकली की दहा-पंधरा मिनिटांच्या आत ड्रॉपरने उचलायची, टँकच्या पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरायची, वर पातळ काच ठेवायची. आधी १०० पट, मग ४०० पट. स्पायरोन्यूक्लियस असला तर ओळखायला शिकावं लागत नाही. असंख्य बारीक ठिपके नाकासमोर सुसाट पळत असतात, एकही जागेवर थांबत नाही. कॅपिलॅरिया या जंताचं अंडं लिंबासारखं लांबट, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखं दिसतं. शी शिळी झाली की ते पळणारे जीव मरतात आणि आपण 'काही नाही' म्हणून मोकळे होतो, म्हणून ताजीच हवी.

बऱ्याचदा काहीही दिसत नाही. त्या माशाला औषध नको असतं, चांगलं पाणी आणि वेळेवर खाणं हवं असतं.

डोंबिवलीचा डिस्कस

काचेपलीकडे, तुमचं वाचून पटतं, पण घरी ते परवडत नाही. मी बारा वर्षं डिस्कस जातीचे मासे ठेवतोय. कोलकात्याचं गॅलिफ स्ट्रीट असो, चेन्नईचं कोळत्तूर असो की आपलं क्रॉफर्ड मार्केट, मासा तिथून माझ्या हातात येईपर्यंत किती टाक्यांतून फिरला हे कोणालाच माहीत नसतं. एकाच जाळीने दहा टाक्यांतले मासे काढतात. डिस्कसच्या आतड्यात हे जीव बहुधा असतातच. मासा तगडा असतो तोवर ते गप्प असतात. प्रवासाने, गर्दीने तो खचला की उचल खातात. मग मासा काळा पडतो, कोपऱ्यात डोकं खाली करून उभा राहतो, खाणं तोंडात घेऊन थुंकतो. ही खूण दिसल्यावर तुम्ही काचपट्टी शोधत बसलात तर आठवड्यात मासा जातो.

माझा नियम असा: नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत, तिथेच मेट्रोनिडॅझोलचा एक कोर्स आणि जंतांच्या दोन औषधांचा एकेक. तपासणी नाही, चर्चा नाही. शाळेत जंतनाशक दिनाला सगळ्या पोरांना गोळी देतात ना? तिथे कुठे प्रत्येकाची शी तपासतात?

गुरुजीबाई

मी माशांमधली तज्ज्ञ नाही, घरी फक्त फायटर आणि गप्पी आहेत. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि जंतनाशक दिनाच्या गोळ्या स्वतःच्या हाताने देते, म्हणून लिहिते.

डोंबिवलीकर, ती गोळी एकच असते, अल्बेंडॅझोल. वयानुसार अर्धी की पूर्ण हे ठरलेलं असतं. चावून खायला लावतो, समोर उभं राहून. आणि मूल त्या दिवशी आजारी असेल तर त्याला गोळी देत नाही, बरं झाल्यावर देतो. सगळ्यांना द्यायचं ठरवलं तेही आधी तपासण्या करून, या भागात मुलांमध्ये जंत किती आहेत ते पाहूनच. तुम्ही तर सगळ्यात खचलेल्या माशाला, दमून आल्या दिवशी, तीन औषधं देताय. दोन्ही गोष्टी एकच कशा?

डोंबिवलीचा डिस्कस

बाई, पहिल्या दिवशी देतो असं मी म्हटलं नव्हतं. आधी आठवडाभर फक्त स्थिरावू देतो, खायला लागला की सुरू करतो. पण आजारी असताना न देण्याचा तुमचा मुद्दा मला लागला. कोपऱ्यात उभ्या माशाला मी तिन्ही औषधं एकदम दिली आहेत आणि त्यातले काही गेले. जंताने गेले की औषधाने, हे आजही छातीठोक सांगता येणार नाही.

शिरगावची पदवी

मी रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो. तुम्ही दोघंही 'द्यायचं की नाही' यावर भांडताय. औषध जातं कुठे, याकडे लक्ष नाही.

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या अंगात पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे पाणी आपोआप कल्ल्यांतून आत येत असतं आणि तो ते लघवीवाटे सतत बाहेर टाकतो. समुद्री मासा मात्र पाणी पितो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत टाकलेली मेट्रोनिडॅझोलची गोळी आतड्यापर्यंत जाते ती कल्ल्यांतून, रक्तातून, आणि थोडीच. आतड्यातल्या रोगाला औषध खाण्यातून द्यायचं.

हिशोब सोपा आहे. एक ग्रॅम खाण्याला १० मिलिग्रॅम मेट्रोनिडॅझोल, सलग पाच दिवस. म्हणजे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी बारीक कुटून ४० ग्रॅम खाण्यात. मी बारीक केलेली कोळंबी आणि पालक यात कालवतो, घट्ट व्हायला जिलेटिन, ते नसेल तर चायना ग्रास. औषध मिश्रण कोमट झाल्यावर घालतो. ताटलीत पातळ थापून फ्रीझरला, रोज एक तुकडा. औषधाला कडवट चव असते, पहिल्या दिवशी मासे थुंकतात. लसणाचा रस लावला तर माझे तरी खातात.

आणि सगळे जंत एका माळेचे मणी नाहीत. बहुतेक फीतकृमींना वाढायला मधे दुसरा प्राणी लागतो, चपट्या कृमींपैकी अनेकांना गोगलगाय लागते. काचेच्या टाकीत ते चक्र सहसा पुरं होत नाही. अशा जंतावर दर महिन्याला प्रॅझिक्वान्टेल ओतण्यात अर्थ नाही. कॅपिलॅरिया मात्र सरळ माशाकडून माशाकडे जातो.

डोंबिवलीचा डिस्कस

आणि जो मासा तोंडच उघडत नाही, त्याला खाण्यातून कसं द्यायचं?

काचेपलीकडे

हा प्रश्न खरा आहे आणि इथे मी मागे येतो. न खाणाऱ्या माशाला वेगळ्या टाकीत, पाण्यातूनच मेट्रोनिडॅझोल द्यावं. थोडं का होईना आत जातं, आणि बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत मासा खायला लागतो. मग लगेच खाण्यातल्या औषधावर यायचं. पण वेगळ्या टाकीत, नुसत्या स्पंज फिल्टरवर. मुख्य टँकमध्ये नाही.

अजून एक. मेट्रोनिडॅझोल हे चिठ्ठीवर मिळायचं औषध आहे, माणसांच्या अमीबिक जुलाबावर चालणारं. आपण ते अंदाजाने, अर्ध्या मात्रेत, महिन्यातून दोनदा टाकतो आणि पाणी मोरीत सोडतो. अर्धवट मात्रेला न मेलेला जीव पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. डिस्कस पाळणाऱ्यांची 'आता हे औषध लागूच पडत नाही' ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल.

इचलकरंजीचा छंदी

तुम्ही मोठ्या शहरातले. माझ्या गावात माशांचा डॉक्टर नाही, जनावरांचा आहे, तो गाई-म्हशी बघतो. सूक्ष्मदर्शक कॉलेजात आहे, तिथे कोण जाऊ देणार?

माझी गोष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यात मामाच्या गावच्या हौदातून गप्पी आणले. आरोग्य खात्याने डासांसाठी सोडलेले, गप्पी मासे पाळा आणि हिवताप टाळा म्हणतात ते. घरच्या टँकमध्ये शोभेचे गप्पी होते, त्यांच्यातच सोडले. दोन महिन्यांनी एक मादी एका जागी तरंगत होती. पोट फुगलेलं, पण पिल्लांचं वाटेना. दिव्यासमोर काचेला डोळा लावून बसलो तर तिच्या गुदद्वारातून तीन-चार लाल टोकं बाहेर आलेली, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. ती स्थिर असली की टोकं बाहेर येऊन हलायची, ती हलली की झटकन आत. ते पाहून अंगावर काटा आला. महिन्याभरात बारा-तेरा गप्पी गेले. आधीच औषध दिलं असतं तर वाचले असते. पाहून औषध द्या म्हणता, पण मला दिसेपर्यंत सगळ्या टँकमध्ये पसरलं होतं!

शिरगावची पदवी

तो कॅमालॅनस नावाचा जंत. गप्पी, मॉली, प्लॅटी, फायटर यांचा ठरलेला शत्रू. त्याची मादी अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच सोडते. निसर्गात ती अळी सायक्लॉप्स, म्हणजे पाण्यातला कोळंबीच्या कुळातला अगदी बारीक जीव, गिळतो आणि सायक्लॉप्स मासा गिळतो. पण हा जंत सायक्लॉप्सशिवायही टाकीत पिढ्यानपिढ्या टिकतो, म्हणून काचेच्या टाकीतही तो थांबत नाही. हवाईच्या ओढ्यांत तो असाच बाहेरून सोडलेल्या गप्पींच्या जातीच्या माशांबरोबर पोचला आणि तिथल्या मूळच्या माशांत गेला.

जुना विहीरवाला

सायक्लॉप्सचं नाव वाचलं म्हणून लिहितो. वय झालंय, टंकायला वेळ लागतो.

आमच्या लहानपणी गावात नारू होता. पायातून पांढरा दोरा निघायचा, हातभर लांब. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवायची, नारू तिथे पिल्लं सोडायचा, ती सायक्लॉप्स खायचा आणि तेच पाणी आम्ही प्यायचो. हा लाल जंत त्याच्याच भाऊबंदांतला.

नारू घालवणारं औषध कधीच नव्हतं. तो गेला पाणी गाळून. आई घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायची. विहिरींच्या पायऱ्या बुजवल्या, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारले, आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. तुमच्या टाकीत हौदाचं पाणी आणि हौदाचे मासे गेले, तिथे फडकं बांधायचं राहिलं. बारा-तेरा मासे औषध उशिरा दिल्याने गेले असं मला वाटत नाही.

काचेपलीकडे

आजोबा, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत.

इचलकरंजीकर, तुमच्या बाबतीत मी माझा आग्रह सोडतो. लाल टोकं दिसली म्हणजे पाहून झालंच की. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, डोळे लागतात, आणि ते तुम्ही वापरलेत. एक मासा दिसला की सगळ्या टँकला औषध, यात दुमत नाही. गप्पींच्या जातीचे नवे मासे आणताना वेगळ्या टाकीत लिव्हॅमिसोल आधीच द्यावं, हे डोंबिवलीकरांचं म्हणणंही मला आता मान्य आहे. पण तीन औषधं एकदम, हे मान्य नाही.

वसईची मत्स्यगंधा

कोणीच न काढलेली गोष्ट. मासा खातो, तरी सुकतो. पोट आत, पाठ धारदार, कणा वाकतो. सगळे म्हणतात जंत. माझ्या घरी असे मासे एकामागून एक जात होते. सहा महिने जंतांची औषधं दिली, काही फरक नाही. मग वडिलांच्या मधल्या बोटावर गाठ उठली, ती महिनोन् महिने बरी होईना. ते उघड्या हाताने टँक साफ करायचे, बोटाला काच लागलेली होती. त्वचेच्या डॉक्टरांना टँकबद्दल सांगितलं तेव्हा कुठे पुढच्या तपासण्या झाल्या: मायकोबॅक्टेरियम मरिनम, माशांना क्षय करणारा जंतू. त्याला थंड जागा मानवते, म्हणून तो बहुधा बोटं, कोपर असल्या टोकाच्या जागी राहतो. वडिलांना कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागल्या.

माशांच्या क्षयावर टाकीत घालायचं खात्रीचं औषध नाही. जंत समजून मी सहा महिने घालवले आणि तेवढे दिवस वडिलांचा हात त्या पाण्यात होता. म्हणून मी काचेपलीकडेच्या बाजूने आहे, पूर्णपणे. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, एवढं तरी करा.

डोंबिवलीचा डिस्कस

मत्स्यगंधा, हे मला माहीत नव्हतं. माझे दोन मासे आत्ता असेच सुकतायत आणि मी कालच त्यांना तिसऱ्यांदा जंताचं औषध दिलं. ते थांबवतो. हातमोजे आज आणतो.

बाकी माझं मत तेच आहे. नव्या डिस्कसला वेगळ्या टाकीत मेट्रोनिडॅझोल देणारच, पण खाण्यातून, एका वेळी एकच औषध.

इचलकरंजीचा छंदी

लिव्हॅमिसोल किती आणि कसं, ते कोणी नीट सांगेल का? उरलेले नऊ गप्पी आहेत, टँक ४० लिटरचा.

शिरगावची पदवी

लिटरला २ मिलिग्रॅम. तुमच्या ४० लिटरला ८० मिलिग्रॅम शुद्ध औषध, म्हणून पाकिटावर किती टक्के लिहिलंय ते आधी वाचा. दगड, मातीने किती जागा अडवली आणि पाणी किती भरलंय ते धरून पाण्याचे खरे लिटर काढा. दिवा बंद, २४ तास. हे औषध जंताला लुळा करतं, तो माशातून सुटून तळाला पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तळ सायफनने कसून ओढा आणि निम्म्याहून जास्त पाणी बदला. नाहीतर पडलेलं तेच मासे पुन्हा खातील. तळातल्या अळ्या राहतातच, त्यासाठी तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा हेच. जाळी आणि सायफनची नळी दुसऱ्या टँकला वापरू नका.

इचलकरंजीचा छंदी

काल रात्री औषध टाकलं. सकाळी तळाशी लाल दोऱ्यांचे तुकडे दिसले, मोजले तर सतरा. दोन बादल्या पाणी ओढलं. तळाची वाळूच काढून टाकली, आता नुसती काच ठेवलीय, म्हणजे पडलेलं दिसेल. नऊच्या नऊ मासे आहेत, संध्याकाळी खायला आले. दुसरा डोस कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. तोवर मामाच्या हौदातलं काहीही घरात आणणार नाही.