स्क्लेरोडर्मा आणि फुफ्फुसं: बीएएल करून घ्यावी का?

निशिगंध: आईला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाण्याचा आजार. एचआरसीटीत (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी ग्राउंड ग्लास, म्हणजे धुरकटपणा, आलाय, एफव्हीसीही (पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर बाहेर येणारी हवा) गेल्या खेपेपेक्षा खाली. नवे डॉक्टर म्हणतात ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत कॅमेऱ्याची नळी घालून, बीएएल करू. म्हणजे सलाईन आत सोडून परत ओढायचं आणि त्यातल्या पेशी मोजायच्या. प्रश्न एवढाच, करावी की नाही? पथ्यं, काढे आणि "डॉक्टर बदला" कृपया नको.

पिंपळपान: आधी डॉक्टर बदला. आणि गहू बंद करून बघा, माझ्या वहिनीची सांधेदुखी त्यानेच गेली.

आडदांड: एवढं काय घाबरायचं? आमच्या काकांचं पाणी पाठीतून सुई घालून काढलं, बाटलीभर निघालं. तासाभरात चहा पीत बसले होते.

तळटीप: अहो, ते फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणी. इथे साचलेलं काही नसतं, आपणच सोडायचं आणि काढायचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आडदांड: पाणी ते पाणी. काका आज ठणठणीत आहेत.

सोनटक्का: मी स्वतः स्क्लेरोडर्माची पेशंट, बीएएल करून घेतलीय. जरूर करा, माझा आजार त्यातच नीट कळला. दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. तोंड पुरेसं उघडत नसेल तर नळी नाकातून घालतात. आणि बोटं गार पडत असतील तर ऑक्सिजनची क्लिप कानाला किंवा कपाळाला लावायला सांगा. माझ्या बोटावर आकडा असा काही घसरला की सगळे धावपळ करायला लागले, आणि मी आपली मजेत! रात्री ताप आला, तो येतो म्हणे.

तळटीप: ताई, आजार किती पसरलाय हे सीटी आणि पीएफटीच (फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या चाचण्या) सांगतात. 2006 च्या स्क्लेरोडर्मा लंग स्टडीत रुग्ण निवडताना सीटीबरोबर बीएएलही धरली होती. बीएएलच्या पाण्यात न्यूट्रोफिल 3 टक्के किंवा इओसिनोफिल 2 टक्क्यांपासून पुढे गेले (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी) की दाह मानायचा. पुढे त्याच अभ्यासातल्या रुग्णांचं विश्लेषण झालं, तेव्हा कोणाचा आजार वाढणार, सायक्लोफॉस्फमाइड हे औषध कोणाला लागू पडणार, यात सीटीच्या वर या पेशींनी काही भर घातली नाही. निव्वळ पेशी मोजायला नळी घालू नका.

सोनटक्का: अभ्यास असेल, पण नळी माझ्या नाकात होती.

मधलीसुट्टी: वर म्हटलंय तेच, सीटी पुरे. नको करू.

पिंपळपान: +१. आणि गव्हाचं विसरू नका.

निशिगंध: आभार. एक राहिलंच. आई मायकोफेनोलेट आणि थोड्या प्रेडनिसोलोनवर आहे. संध्याकाळी बारीक ताप येतो आणि नव्या सीटीत उजवीकडे एक वेगळा डाग दिसतोय.

तळटीप: हे आता सांगताय? मग प्रश्नच बदलला! प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना टीबी, बुरशी, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया यांपैकी काही नाही ना, हे आधी बघायला हवं. बीएएल त्यासाठी खरंच कामाची. डॉक्टरांना विचारा, नमुना कल्चरला (जंतू वाढवून बघायला) जाणार की नुसत्या पेशी मोजणार? दम फार लागत असेल तर फुफ्फुसातला रक्तदाब किती आहे, तेही आधी बघायला सांगा.

मधलीसुट्टी: मग करून टाक.

सोनटक्का: मी पहिल्यापासून तेच सांगतेय.

निशिगंध: डॉक्टरांशी बोललो. त्यांच्या डोक्यात इन्फेक्शनच होतं, पेशी नव्हत्या. पण आई नळीला ठाम नाही म्हणाली. तेव्हा आधी खाऱ्या पाण्याची वाफ देऊन थुंकी काढायची आणि ती टीबी-कल्चरला पाठवायची. त्यात काही सापडलं नाही आणि ताप राहिला तर बीएएल. आईला हे पटलंय, मलाही.

तळटीप: थुंकीत नाही सापडलं म्हणजे नाहीच, असं धरू नका. ताप वाढला किंवा दम वाढला तर रिपोर्टची वाट न बघता गाठा त्यांना.

आडदांड: थुंकीत काय सापडणार! काकांची तर पाठीतूनच काढली होती.