दोन घरांच्या दोन रीती : यंदाचा नाताळ घरीच कसा सजवावा?

वसईची_लेक

नमस्कार. माझे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर अहिल्यानगर जिल्ह्यातले, प्रोटेस्टंट. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात राहतो. आजवर नाताळ म्हणजे २४ डिसेंबरच्या संध्याकाळी माळ्यावरचे प्लास्टिकचे झाड काढायचे, बाजारातला तारा गॅलरीत टांगायचा, बेकरीतून केक आणायचा आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, धावायचे, असा उरकण्याचाच प्रकार होता. यंदा सासूबाई नोव्हेंबरअखेरीसच राहायला येणार आहेत, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा झाला आहे, आणि आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला असल्यामुळे हाताशी पुरेसा वेळही आहे. त्यामुळे शक्य तेवढे सगळे घरी आणि सगळ्यांनी मिळून करावे, असे मनात आहे.

मात्र काही गोष्टींचा उलगडा होत नाही. माझ्या माहेरी गोठ्याशिवाय, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याशिवाय, नाताळ होत नसे. सासूबाईंना घरात मूर्ती मांडणे तितकेसे रुचत नाही, तारा आणि झाड मात्र चालते. माझ्या आईकडे कुलकुल आणि फुगे हे तळणीचे पदार्थ, त्यांच्याकडे करंज्या आणि चकल्या. आई २४ तारखेआधी घरात रोषणाई करू देत नसे, तर सासूबाईंकडे डिसेंबर लागला की तारा लागलाच. गोठ्यासाठी माझ्याकडे टीव्हीशेजारचा जेमतेम तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद कट्टा आहे. मुलांच्या हातून खरोखर होतील अशी कामे कोणती, ती कधी काढावीत आणि दोन्ही घरांच्या रीतींचा मान कसा राखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भुईगावचा_वाडीवाला

ताई, प्रथम गोठ्याविषयी, कारण माझ्या मते घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवणारे काम तेच आहे. जागेची चिंता करू नये. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री जो देखावा मांडला, त्यात गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच होते. आपल्याकडे गावोगावी डोंगर, धबधबे आणि फिरत्या पवनचक्क्या घालून जे गोठे उभे राहतात, ते मंडळांच्या चढाओढीतून वाढलेले प्रकरण आहे. तीन फुटांच्या कट्ट्यावर त्यातले निम्मेही मावणार नाही, आणि न मावलेलेच बरे.

मागची गुहा करण्यासाठी जुने गोणपाट गेरूच्या दाट पाण्यात बुडवावे, पिळून खोक्यावर हवे तसे चुण्या पाडून टाकावे आणि रात्रभर वाळू द्यावे. सकाळी ते खडकासारखे दिसते आणि मुलांच्या हातांना गेरूखेरीज काही लागत नाही. छपराला भाताचा पेंढा घालावा. कापसाचा बर्फ मात्र कृपा करून टाळावा. बेथलेहेममध्ये कुठला आला आहे बर्फ.

आता हिरवळीचे. आमच्या वाडीत गोठ्यापुढची हिरवळ विकत आणत नाहीत, पेरतात. घटस्थापनेला जसे धान्य रुजत घालतात तसेच हे काम आहे, आणि ते पूर्णपणे मुलांवर सोपवता येते. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजत घालावी, पसरट ताटलीत बोटभर मातीवर दाटीने पसरावी, वरून ओले फडके घालून दोन दिवस अंधारात ठेवावी आणि कोंब दिसू लागले की उजेडात आणावी. वसईच्या हवेत १५ तारखेला पेरले तरी नाताळपर्यंत वीतभर होते. पुण्यातल्या थंडीत वाढ सावकाश होत असल्याने आपण १२ तारखेच्या आसपास पेरावे. पाणी शिंपडावे, ओतू नये, नाहीतर बुरशी धरते. हे रोजचे शिंपण धाकट्याकडे द्यावे.

गव्हाण २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. दिवसभरात हातून एखादे चांगले काम झाले की मुलाने गव्हाणीत एक काडी ठेवायची, अशी आमच्याकडची पद्धत आहे. बाळासाठी मऊ अंथरूण व्हावे म्हणून शेवटच्या आठवड्यात मुले अचानक फार शहाण्यासारखी वागू लागतात. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांना पहिल्या दिवसापासून गोठ्यात उभे करू नये. ते घराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजवर किंवा पुस्तकांच्या फळीवर ठेवावेत आणि रोज थोडे पुढे सरकवत प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे यंदा ४ जानेवारीच्या रविवारी, गोठ्यापाशी पोहोचवावेत. मिस्सेहून आल्यावर बाळाला गव्हाणीत ठेवण्याचा मान आमच्याकडे घरातल्या सर्वांत लहान मुलाचा असतो.

नगरची_वहिनी

मी सासूबाईंच्या बाजूची, म्हणून मूर्तींविषयी आधी बोलते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वेदीवर किंवा घरात मूर्ती ठेवत नाहीत, हे खरे आहे, आणि ज्यांचा सगळा जन्म त्या शिस्तीत गेला त्यांना ते एकदम सोडा असे म्हणणे योग्य होणार नाही. पण हेही तितकेच खरे आहे की आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, दर डिसेंबरला मुले मेंढपाळ, देवदूत, मरिया आणि योसेफ होऊन ख्रिस्तजन्माची नाटिका करतात, अंगावर चादरी पांघरून आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून, आणि तिला कोणीही हरकत घेत नाही. तेव्हा गोठ्याकडे उपासनेची वस्तू म्हणून न पाहता घरात मांडलेली ती नाटिकाच म्हणून पाहावे, असे आपण सासूबाईंना सुचवून पाहा. पुढे दिवा, उदबत्ती किंवा हार नको. विकतच्या रंगीत मूर्तींऐवजी मुलांनी पुठ्ठ्यावर चित्रे काढून कापावीत आणि मागे काडेपेटीचा आधार चिकटवून उभी करावीत. पाच वर्षांच्या मुलाने काढलेले, पाय पाच की चार याचा निश्चय न झालेले गाढव पाहून कोणत्याही आजीचा विरोध फार काळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरे म्हणजे, सासूबाईंना पाहुण्यासारखे एका बाजूला बसवून त्यांची संमती मागू नये. त्यांच्याकडे त्यांचे काम सोपवावे. आमच्या घरी आगमनकाळात रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटांची कौटुंबिक उपासना होते. एक मेणबत्ती, बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांतला थोडासा भाग आणि एक गीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर जी भक्तिगीते लिहिली, ती ओव्या-अभंगांच्या वळणाची असल्यामुळे पेटी आणि टाळ एवढ्यावर घरात सहज गाता येतात. सासूबाईंना ती बहुधा तोंडपाठ असतील. दुसऱ्या अध्यायातली मेंढपाळांची गोष्ट थोरलीने २४ तारखेपर्यंत पाठ करून गोठ्यासमोर उभे राहून म्हणावी. देखावा तुमच्या माहेरचा आणि त्याची कथा सांगणारा आवाज सासरचा, असे झाले तर कोणाचाच मान जाणार नाही.

फराळाबाबत दोन्ही करावे, पण एकाच दिवशी नव्हे. चकली आणि शंकरपाळे आठवडाभर आधी झाले तरी हरकत नाही. करंजीचे सारण सुक्या खोबऱ्याचे असेल तर चार दिवस आधी करता येते. ओल्या नारळाचे असेल तर २३ तारखेच्या आत हात लावू नये. कुलकुल हे मुलांचे खाते. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन अंडी, चार चमचे तुपाचे मोहन आणि चिमूटभर मीठ घेऊन नारळाच्या घट्ट दुधात मऊ पीठ भिजवावे आणि तासभर झाकून ठेवावे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरवायची आणि गुंडाळत खाली आणायची, म्हणजे वर रेषा उमटतात. नवी कोरी फणी घेतली तर रेषा अधिक बारीक येतात. तळण मंद आचेवर आणि मोठ्या माणसाच्याच हातून व्हावे. आपल्या वसईची सुकेळी मिळाली तर बारीक चिरून केकमध्ये मनुकांच्या जोडीला घालावी. राजेळी केळ्यांचा तो गोडवा बाजारातल्या टुटीफ्रुटीला येत नाही.

दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून ताट आले असेल, त्यांच्याकडे पहिले ताट जावे, आणि ते पोहोचवायला मुलांना पाठवावे.

मेलबर्नमधला_वसईकर

वाडीवाले काकांचे बाकी सगळे मान्य, फक्त बर्फाविषयी एक नम्र दुरुस्ती सुचवतो. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, डोंगराळ भागात आहे आणि तिथे एखाद्या हिवाळ्यात बर्फ पडतो. कापूस तरीही घालू नये, या मताशी मी सहमत आहे, पण त्याचे कारण एवढेच की विजेच्या माळेजवळ कापूस ठेवणे धोक्याचे असते.

रोषणाई केव्हापासून, या वादावर आमच्या घरी निघालेला तोडगा कळवतो. इथे डिसेंबरात भर उन्हाळा असतो आणि सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रोषणाईचे आकर्षण तसेही कमी. आम्ही आगमनकाळाचे चक्र मुख्य मानतो. हिरव्या पानांच्या कड्यावर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. या चालीचे मूळ प्रोटेस्टंट आहे, हे सासूबाईंना अवश्य सांगावे. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांचे घर चालवणारे योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ साली, नाताळ कधी येणार म्हणून रोज विचारणाऱ्या मुलांसाठी, एका गाडीच्या चाकावर रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. पुढे ती चाल चार मेणबत्त्यांवर आली आणि कॅथलिक घरांनीही उचलली. म्हणजे आपल्या घरातल्या दोन्ही बाजूंना ती परकी नाही. वहिनींनी सांगितलेली रोजची उपासना याच चक्रापुढे करता येईल.

सजावटही याच रविवारांना बांधून घ्यावी. पहिल्या रविवारी चक्र, दुसऱ्या रविवारी तारा, तिसऱ्या रविवारी झाड, चौथ्या रविवारी गोठ्याची मांडणी, आणि झाडावरची माळ मात्र २४ तारखेच्या रात्रीच पेटवावी. आपल्या आईचाही शब्द राहील आणि सासूबाईंचा तारा डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात लागेल. झाडासाठी फांद्या तोडून आणू नयेत; पुण्यासारख्या शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे विनापरवाना वृक्षतोड हा गुन्हा आहे. रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने मिळते ते बहुधा अरौकारियाचे रोप असते. कुंडीतले दोन-तीन फुटांचे रोप घ्यावे, सणापुरते आत आणावे आणि जानेवारीत पुन्हा गॅलरीत ठेवावे.

वसईची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. आज सासूबाईंशी फोनवर बोलले. पुठ्ठ्याच्या चित्रांना त्यांची हरकत नाही. उलट मेंढपाळाला पागोटे आणि खांद्यावर घोंगडी हवी, असे त्यांनीच बजावले आहे. विखर्न यांची हकीकत ऐकून चक्राचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आता प्रश्न उरला ताऱ्याचा. घरी करायचा तर पुण्यात कामट्या कुठे मिळतील, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते कितपत जमेल?

म्हापशेकार

कामट्या बुरूड आळीत मिळतील. दोन फूट लांबीच्या, सारख्या जाडीच्या दहा मागाव्यात आणि बुरुडाकडूनच तासून घ्याव्यात, कारण मुलांच्या बोटांत कूस जाण्याची भीती तिथेच असते. पाच कामट्यांचा एक पंचकोनी तारा, तसे दोन तारे करायचे. कामट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे प्रत्येक ठिकाणी दोऱ्याने आवळून गाठ मारावी. मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोके बांधावीत आणि आतल्या पाच कोपऱ्यांत चार इंचांचे तुकडे आडवे बसवावेत, म्हणजे मधला भाग फुगून ताऱ्याला पोट येते. सांगाडा मोठ्यांनी धरावा आणि गाठी थोरलीने माराव्यात. नऊ वर्षांच्या मुलीला हे निश्चित जमते, आमच्या वाड्यावर याहून लहान मुले करतात.

कागद पतंगाचा घ्यावा. जिलेटिनचा कागद चकाकतो खरा, पण आतला दिवा त्यातून उघडा दिसतो आणि उजेड पसरत नाही. मैद्याची खळ पातळ करून बोटाने कामटीला लावावी, कागद सैलसर ठेवून चिकटवावा आणि वाळल्यावर वरून पाण्याचा अगदी हलका हबका मारावा. वाळताना तो आपोआप ताणला जातो. मागच्या बाजूचा एक त्रिकोण दिवा घालण्यासाठी उघडा ठेवावा. आत पाच वॉटचा एलईडी पुरतो, जुना पिवळा बल्ब तापून कागद करपवतो. डिसेंबरात दव पडते, त्यामुळे तारा गॅलरीच्या कठड्याबाहेर न लावता छताखाली टांगावा. सांगाडा आणि कागद ही कामे एकाच दिवशी करू नयेत. कामट्या ओलसर असल्या तर त्या वाळताना आखडतात, गाठी सैल पडतात आणि वरचा कागद फाटतो. म्हणून सांगाडा शनिवारी सकाळी बांधून उन्हात ठेवावा, रविवारी गाठी एकदा पुन्हा आवळाव्यात आणि मगच खळ शिजवायला घ्यावी.