पंचकार्डाच्या काळातले आकडे: ओळ तोडून वाचायचे की कॉलम मोजून?

कॉलममोज्या: पंचकार्डांच्या (भोकं पाडून आकडे साठवायच्या कागदी कार्डांच्या) काळातली ८० कॉलमची, म्हणजे ओळीत ८० अक्षरांच्या जागा असलेली, जुनी फाइल हाती आली की हल्ली जो तो मोकळ्या जागेवर ओळ तोडून मोकळा होतो. माझा याला ठाम विरोध आहे. या फाइलींत आकड्याचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. उपग्रहांच्या टीएलईत (कक्षेची माहिती देणाऱ्या दोन ओळींत) दुसऱ्या ओळीच्या २७ ते ३३ कॉलममध्ये ०००६७०३ दिसलं, तर ती कक्षेची विकेंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते) ०.०००६७०३ असते. दशांशचिन्ह छापलेलंच नसतं. अणुकेंद्रांच्या माहितीसाठीच्या ईएनडीएफ नावाच्या फाइलींमध्ये तर ११ कॉलमचे सहा रकाने एकमेकांना चिकटून येतात. −१.२३४५६७−५ या आकड्याने अख्खा रकाना भरतो (ई अक्षर गाळलंय, १० चा घातांक −५). पुढचाही ऋण असला तर तोडणार कुठे?

सीएसव्हीवाला: एकदाच सीएसव्ही (आकडे स्वल्पविरामांनी वेगळे केलेली फाइल) करा, कटकट मिटेल. आणि कॉलम मोजून तरी एकच उत्तर कुठे मिळतं? चार कॉलमच्या रकान्यात १२ डावीकडे सरकून पंच झालं, तर जुना फोरट्रान (प्रोग्राम लिहायची भाषा) मोकळ्या जागांना शून्य धरून १२०० वाचायचा. नंतरच्या फोरट्रान ७७ या आवृत्तीत ओपन आज्ञेने उघडून वाचलेल्या फाइलीत, वेगळं सांगितलं नाही तर, तेच १२.

कॉलममोज्या: म्हणूनच तर म्हणतोय! १२ डावीकडे होतं की उजवीकडे, हे सीएसव्हीत उरतच नाही. मूळ ओळ शेजारी ठेवणार असाल तर करा खुशाल.

अकरावं_भोक: दोघंही चिन्ह विसरलात. कॉलम वाचवायला ऋण चिन्ह शेवटच्या अंकावरच पंच करत. ५ च्या भोकाच्या जोडीला त्याच कॉलममध्ये, कार्डावरच्या '११' नावाच्या ओळीत भोक पाडलं की तेच एन अक्षर होतं. म्हणजे १, २, एन हे −१२५. 'साफसफाई' करणाऱ्या स्क्रिप्टने अक्षर उडवलं की उरले १२, तेही धन! कुठे एरर नाही, काही नाही.

सीएसव्हीवाला: ते मान्य, तक्ता लावून बदलता येतं. पण पूर्ण रिकामा रकाना? फोरट्रान तो शून्यच वाचतो, मग मीही शून्य लिहिलं तर बिघडलं काय?

कॉलममोज्या: पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, यात फरक आहे की नाही? सरासरी काढून बघा. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच न लिहिण्याची सोय तुमच्या सीएसव्हीत आहे, ती तरी वापरा.

सीएसव्हीवाला: आणि मूळ प्रोग्रामने त्या शून्यावरच सगळी गणितं केली असतील तर? माझे निकाल जुन्या अहवालाशी जुळायला हवेत, तुमच्या तत्त्वाशी नव्हे.