आईच्या धापेवर पांढरी पुडी: कुणाला अनुभव?

हळदगाव:
आई ६७ वर्षांची. विडी-तंबाखूला कधी शिवली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी धरून बसली. दोन वर्षांपूर्वी मिरजेत नळीत फुंकायची तपासणी झाली, सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागायचा आजार. कॅप्सूल घालून ओढायचा पंप दिला. त्यानं काडीचा फरक नाही. कोजागिरीला औषधाची खीर तीन वर्षं झाली, रात्रभर जागरणासकट. आता मामानं एका वैद्याकडून पुड्या आणल्यात. पांढरी, कडूजहर, मधातून चाटायची. तिसऱ्या दिवशी आई स्वतः जिना चढून गच्चीवर पापड घालून आली! पाच आठवडे झाले. पुडीवर नाव नाही, विचारलं तर "घराण्याची विद्या". मामा म्हणतो पंपाची सवय लागते, बंद कर. करू का?

बार्शीचा बाळ:
ताई, तिसऱ्या दिवशी गुण आला, तिथंच माझ्या पोटात गोळा आला. आमच्या अण्णांना अशाच पुड्या होत्या. आधी भूक खवळली, घरात सगळे खूश. मग तोंड वाटोळं झालं, मग साखर तीनशेवर. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, "स्टेरॉइड कोण देतंय?" म्हणजे सूज दाबून झटपट आराम देणारं औषध, ते पुडीत मिसळलेलं. आईंचं तोंड सुजलंय का बघा. आणि घाबरून पुडी एकदम तोडू नका. बरेच दिवस पोटात गेलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर माणूस गळून पडतो, बीपी उतरतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडं जा.

वैद्यबाई:
मी बीएएमएस आहे, आयुर्वेदाला नावं ठेवणार नाही. अडुळशातल्या वासिसिनवरूनच ब्रोमहेक्झिन आलं, जे खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. पण अडुळसा फार तर कफ सोडवील, झिजलेलं फुप्फुस भरून काढणार नाही. निनावी पुडी मी कुणाला देत नाही. आणि कुणी कपालभाती सांगेल, तर नको. जोरानं हवा ढकलली की या आजारात बारीक नळ्या मिटतात, हवा आतच कोंडते. त्यापेक्षा नाकानं श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. सवयीचं म्हणाल तर पंपाचं व्यसन लागत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहतं. एक कराच, आई पंप कसा घेतात ते समोर बसून बघा.

हळदगाव:
वैद्यबाई, आज सकाळी बघितलं. आईनं पाकिटातनं कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली. पंप कुठाय विचारलं तर कपाटातनं काढून दिला, डबीत, कोरा करकरीत. "ते प्लास्टिक खराब होईल म्हणून ठेवलंय." दोन वर्षं!
आणि हो, तोंड सुजलंय. आम्हाला वाटलं अंगाला लागलं.
उद्या पुड्या आणि पंप पिशवीत घालून मिरजेला निघतोय. मामाला अजून सांगितलेलं नाही.